एकच माणूस, दोन देश: लठ्ठ नक्की कोण?

चौकटराजा: बीएमआयवरून काढलेले 'कुठला देश किती लठ्ठ' असे तक्ते इथे फिरताहेत. आता हा माणूस बघा: उंची १७० सेंमी, वजन ७३ किलो. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, येतो २५.३. हा गडी अमेरिकेत नुसता 'ओव्हरवेट'. विमानाने जपानला गेला की थेट लठ्ठ, कारण तिथे लठ्ठपणाची रेघ ३० ऐवजी २५ वर. मग हे तक्ते फिरवता कशाला? मुळात हे सूत्र १८३०च्या दशकातलं, बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केतले याचं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणाचं पोट मोजायचं नव्हतं.

आडवातिडवा: चटपटीत आहे, पण अर्धवट. देशादेशांची तुलना करताना सगळ्यांना ३० चीच रेघ लावतात. तरीही अमेरिकेत दहातले चार प्रौढ लठ्ठ, जपानमध्ये शंभरात जेमतेम पाच. ही दरी काय रेघेमुळे पडली?

चौकटराजा: दरी आहेच, नाही कोण म्हणतंय? पण सारखी रेघ म्हणजे सारखं माप नव्हे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, आपले याज्ञिक २१.२! तुमच्या तक्त्यात दोघेही सडपातळ.

मधलीसुट्टी: संस्कृती विसरलात. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात मुलींना उंटिणीचं दूध बळजबरीने पाजून जाड करायची प्रथा आहे, 'लेब्लूह' म्हणतात. जाड बायको म्हणजे घरची सुबत्ता.

आडवातिडवा: 'संस्कृती' म्हटलं की विषय संपतो, म्हणून मला तो शब्द आवडत नाही. प्रशांत महासागरातलं नाउरू बघा. फॉस्फेटच्या खाणींनी बेटाचा मधला भाग खरवडून नेला, जमीन गेली, ताटात आयातीचा पांढरा तांदूळ आणि डबाबंद मांस आलं. आता ते बेट जगातल्या सर्वांत लठ्ठ देशांत. ह्यात संस्कृती कुठे आली? बोटीतून आलं ते खाल्लं.

मधलीसुट्टी: बरं, नाउरू तुमचं. पण जपान २००८पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची कंबरच मोजतो. पुरुषांना मर्यादा ८५ सेंमी, बायकांना ९०. इतरत्र बायकांची कमी असते, इथे उलटं का?

चौकटराजा: त्यांनी पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी धरली: पोटाच्या आडव्या छेदात १०० चौरस सेंमी. बायकांची चरबी बरीचशी कातडीखाली असते, म्हणून तेवढी आतली चरबी साठेपर्यंत टेप पुढे सरकते. बघा, टेपसुद्धा एकच आणि आकडे दोन.

आडवातिडवा: हे मात्र पटलं. अमेरिका-जपान दरी अजून तिथेच आहे.