सलायडा येथे मोटरहोम उभी करून आठवडाभर राहावे का?

फिरतेघर:
आम्ही दोघे निवृत्त असून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मोटरहोम घेऊन डेन्व्हरहून महामार्ग २८५ ने कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात जाणार आहोत. वाटेत आर्कान्सा नदीकाठी सलायडा हे गाव लागते. ह्यांचे म्हणणे असे की तिथे एक रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी मोनार्क खिंड ओलांडून गनिसन गाठावे. मला मात्र आठवडाभर एका जागी राहायचे आहे, कारण रोज सकाळी सामान बांधणे, पाण्याच्या व विजेच्या जोडण्या सोडवणे आणि संध्याकाळी नव्या जागी पुन्हा तेच करणे यात प्रवासाचा निम्मा आनंद निघून जातो. राफ्टिंग आम्हाला झेपणारे नाही. तरीही आठवडाभर मन रमेल असे तिथे काही आहे का, आणि मोठ्या गाडीसाठी कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नदीकाठ:
ताई, आठवडा राहावे असे मी आग्रहाने सांगेन. हे गाव १८८० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेमुळे वसले आणि विटांच्या जुन्या इमारतींची त्याची पेठ थेट नदीला लागून आहे. त्यामुळे गावाजवळ गाडी एकदा उभी केली की बाकीचे फिरणे पायी किंवा सायकलवर होते. पेठेजवळच्या उद्यानाशी नदीच्या पात्रात मुद्दाम लाटा घडवल्या आहेत. तिथे कायाक चालवणारे तासन् तास सराव करतात आणि काठावर बसून ते पाहण्यात दुपार कशी जाते ते कळत नाही.

आपण निवडलेला काळही चांगला आहे. बर्फ वितळल्यामुळे नदीला सहसा जूनमध्ये सर्वाधिक पाणी असते, ते गढूळ आणि वेगवान असते. शिवाय १९४९ पासून जूनमध्ये भरणाऱ्या फिबआर्क या नदी-उत्सवामुळे गावात गर्दी असते. जुलैमध्ये पाणी हळूहळू ओसरते, पण अगदी आटत नाही, कारण १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात वरच्या अंगाच्या जलाशयांतून गरजेप्रमाणे पाणी सोडून प्रवाह सेकंदाला सुमारे ७०० घनफूट राखण्याचा प्रयत्न केला जातो. मासेमारीची आवड असेल तर राज्याचा परवाना काढून ब्राउन ट्राउटसाठी गळ टाकावा. या नदीचा सलग १०२ मैलांचा पट्टा उत्तम ट्राउटसाठी ‘गोल्ड मेडल’ म्हणून घोषित आहे. एखादी संध्याकाळ गावातल्या गरम पाण्याच्या तलावासाठी राखून ठेवावी. त्याचे पाणी काही मैलांवरच्या पोंचा स्प्रिंग्ज येथील झऱ्यांतून नळाने आणलेले असते.

पुलापलीकडच्या ‘एस’ अक्षराच्या टेकडीवर मात्र सकाळीच जावे. जुलैमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येणे नेहमीचे असते आणि उघड्या टेकडीवर तेव्हा थांबणे धोक्याचे आहे. सकाळच्या स्वच्छ उजेडात वरून पश्चिमेकडची सवॉच रांग दिसते. तिच्यातील १४,००० फुटांहून उंच असलेला शावानो पर्वत पाहण्यासाठी तरी एक सकाळ द्यावीच.

घाटवाट:
मी उंचीबद्दल लिहितो. सलायडा सुमारे ७,००० फुटांवर आहे आणि वाटेतील केनोशा खिंड १०,००० फुटांवर. पहिले दोन दिवस भरपूर पाणी प्यावे, चढाचे चालणे टाळावे आणि दोघांपैकी कोणाला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून डाळीसाठी प्रेशर कुकर अवश्य बरोबर असू द्यावा. विरळ हवेत जनरेटरची ताकदही घटते, त्यामुळे वातानुकूलन आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवू नयेत.

पुढे गनिसनला जाताना मोनार्क खिंड ११,३१२ फुटांवर लागते. चढाला इंजिन तापू लागले तर रस्त्याच्या कडेच्या रुंद जागेत थांबावे आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापून निकामी होण्याचा धोका असतो. ही खिंड सकाळी लवकर ओलांडणे सर्वांत चांगले.

पाणवठा:
नदीलगत तंबू-गाड्यांसाठी आर्कान्सा हेडवॉटर्स रिक्रिएशन एरियाचे तळ आहेत, परंतु तिथे विजेची वा पाण्याची जोडणी नसते. म्हणून गावातच टाकी भरून घ्यावी आणि सांडपाण्याच्या टाक्याही आधीच रिकाम्या कराव्यात. काही तळांकडे जाणारे रस्ते अरुंद व तीव्र उताराचे आहेत, तेव्हा आरक्षण करताना आपल्या गाडीची लांबी तिथे चालते का, हे पाहावे. आठवडाभर सुखाने राहायचे असेल तर सर्व जोडण्या असलेला गावाजवळचा खासगी तळ घ्यावा, असे मला वाटते. ४ जुलैच्या सुमारास तिथेही जागा मिळणे कठीण असते.

फिरतेघर:
सर्वांचे मनापासून आभार. ह्यांनाही सर्व वाचून दाखवले आणि ४ जुलै उलटल्यावर आठवडाभर राहायचे असे ठरले. एकच शंका उरली आहे: आमच्या मागे ओढून नेण्याची छोटी गाडी नाही, तर गावाबाहेर काय पाहता येईल?

नदीकाठ:
एका दिवसासाठी छोटी गाडी भाड्याने मिळते का, हे डेन्व्हर सोडण्यापूर्वीच विचारून ठेवावे. ती मिळाल्यास महामार्ग ५० ने पूर्वेकडे कॅन्यन सिटीपर्यंत जाऊन यावे. हा रस्ता बराच वेळ नदीच्या सोबतीने दरीतून जातो आणि कड्यांवर बिगहॉर्न मेंढ्या दिसण्याची शक्यता असते, म्हणून दुर्बीण हाताशी ठेवावी. गाडी न मिळाल्यास मोटरहोम हलवू नये. पेठ, नदी आणि टेकडीच्या पायवाटा एवढ्यावर आपला आठवडा सहज भरेल.