संशय आल्यावर राजीनामा दिला, की संचालकाचे कर्तव्य संपते का?

धागाकर्ता:
कंपनीच्या हिशेबात काळेबेरे असल्याचा संशय आलेल्या स्वतंत्र संचालकाने (म्हणजे मालक वा व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेल्या संचालकाने) राजीनामा दिला की तो सुटला, असे मानणारे बरेच जण भेटतात. मला हे अजिबात मान्य नाही. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने, प्रवर्तक (कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्या) राजू कुटुंबाशीच संबंधित असलेल्या मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला. गुंतवणूकदार संतापल्यामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला आणि महिनाअखेरीपर्यंत स्वतंत्र संचालकांसह चार जण मंडळातून पायउतार झाले. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी मंडळाला पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच. खुर्ची सोडल्याने भागधारकांच्या पदरात काय पडले? आज कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ नुसार वाजवी दक्षता आणि स्वतंत्र निर्णयबुद्धी वापरणे हे प्रत्येक संचालकाचे कर्तव्य आहे, आणि राजीनाम्यानंतरही आपल्या कार्यकाळातील अपराधांची जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

प्रतिसाद १ (माजी स्वतंत्र संचालक):
आपला रोष समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. वर्षातून चार-पाच बैठकांना येणाऱ्या माणसासमोर व्यवस्थापन जे ठेवते तेच त्याला दिसते, आणि सत्यममधील आकडे तर लेखापरीक्षकांच्या सहीनिशी समोर येत होते. म्हणूनच कलम १४९(१२) ने स्वतंत्र संचालकाची जबाबदारी मर्यादित केली आहे: मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत झालेले, त्याच्या संमतीने वा संगनमताने घडलेले, किंवा जिथे त्याने तत्परता दाखवली नाही, एवढेच. शिवाय संशय म्हणजे पुरावा नव्हे. चुकीची हाकाटी झाली, तर बँका हात आखडता घेतात आणि त्याची झळ कामगारांना बसते.

प्रतिसाद २ (कंपनी सचिव):
त्या कलमातले ‘तत्परता’ हे शेवटचे टोक आपण घाईने ओलांडलेत. तत्परता सिद्ध होते ती इतिवृत्तातून, आणि तिथे काय घडते ते मी जवळून पाहिले आहे. एका बैठकीत एका संचालकाने मुदतठेवींची खातरजमा करणारे पत्र थेट बँकेकडून मागवावे, असा आग्रह धरला होता. मसुद्यात मात्र त्याऐवजी ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव एकमताने संमत’ असे आले. मसुदा पंधरा दिवसांत संचालकांकडे जातो आणि पुढचे सात दिवस त्यांना अभिप्राय देता येतो. त्या सात दिवसांत बहुतेक जण तो उघडतही नाहीत. या गृहस्थांनी उघडला, दुरुस्ती लेखी कळवली, आणि त्यांचा मुद्दा नोंदला गेला. कंपनी कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये (स्वतंत्र संचालकांच्या आचारसंहितेत) हेच अपेक्षित आहे: चिंतेचे निराकरण झाले नाही, तर ती इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा. यासाठी पुरावा हातात असावा लागत नाही, संशय पुरतो.

प्रतिसाद १ (पुन्हा):
इतिवृत्ताचा मुद्दा मान्य. पण नोंदीनंतर पुढे काय? कलम १४३(१२) प्रमाणे एक कोटी किंवा त्याहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराची माहिती लेखापरीक्षकाने आधी मंडळाला कळवून मग केंद्र सरकारला द्यायची असते. संचालकाला असा मार्ग कायद्याने आखून दिलेला नाही. बहुमत प्रवर्तकांचे असेल, तर नोंद दप्तरात पडून राहते आणि एकट्या माणसापुढे राजीनामाच उरतो.

धागाकर्ता:
ही उणीव खरी आहे. पण मग राजीनामा तरी बोलका असावा. राजीनाम्याची सविस्तर कारणे ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे पाठवणे कलम १६८ मध्ये पूर्वी बंधनकारक होते, २०१८ पासून ते ऐच्छिक झाले. सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना बाजार नियामक सेबीच्या नियमांमुळे स्वतंत्र संचालकाच्या राजीनाम्याची कारणे शेअर बाजाराला कळवावी लागतात, आणि सांगितल्याखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण नाही, अशी ग्वाही त्या संचालकाला द्यावी लागते. ज्याने पैशांचा घोळ पाहूनही ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून ही ग्वाही दिली, त्याला दक्ष संचालक म्हणायला मी तयार नाही. आणि सूचीबद्ध नसलेल्या हजारो कंपन्यांसाठी कलम १६८ मधील ते बंधन परत आणले पाहिजे.