मदत हवी आहे: जीआर८६ घेऊ की बीएमडब्ल्यू २३०आय?

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो. बरीच वर्षं पैसे साठवून आता पहिली स्पोर्ट्स कूपे (दोन दारांची गाडी) घ्यायची आहे.

टोयोटा जीआर८६ चालवून पाहिली आणि जीव तिच्यातच अडकला. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेलं), टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नाही, २२८ अश्वशक्ती, वजन जेमतेम १३०० किलो. स्टिअरिंग हातात काय बोलतं! मुख्य म्हणजे ६ गिअरचा मॅन्युअल मिळतो. गाडी शिकलो ती बाबांच्या मारुती ८०० वर, त्यामुळे क्लच माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

२३०आयला २५५ अश्वशक्ती, टर्बोमुळे इंजिन कमी फिरत असतानाच जोर, आतून शांत, मागे माणूस निदान बसू तरी शकतो. पण वजन जवळपास ३०० किलो जास्त, मॅन्युअल नाहीच, आणि किंमत साधारण ८-१० हजार डॉलर्सनी वर.

बायको म्हणते, रोज तासभर हायवे आहे, जीआर८६च्या आवाजाने कंटाळशील. तिचं म्हणणं खोटं नाही.

कुणी जीआर८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड रोज वापरतं का? हिवाळ्याचे टायर घातल्यावर बर्फात मागच्या चाकांवर चालणारी गाडी कितपत सांभाळता येते? आणि वॉरंटी संपल्यावर बीएमडब्ल्यूचा वर्षाचा खर्च किती येतो, तेही कृपया सांगा. या महिन्यात ठरवायचं आहे.