विहिरीचा व्यास चार फुटांनी वाढवला, तर खोदाई जवळजवळ दीडपट कशी?

प्रश्न (निपाणी परिसरातील शेतकरी):
मळ्यात २० फूट व्यासाची आणि ४० फूट खोलीची गोल विहीर पाडायचे ठरले होते. घरच्यांच्या आग्रहाने व्यास २४ फूट करायचा म्हटल्यावर कंत्राटदाराने खोदाई १२६ ब्रासवरून (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थेट १८१ ब्रासवर नेली. त्रिज्या १० ची १२ झाली, म्हणजे वाढ २० टक्क्यांचीच. मग खोदाई ४४ टक्क्यांनी कशी वाढते? गवंड्याने मात्र दगडी बांधकाम २० टक्क्यांनीच वाढवले आहे. दोघांपैकी कोणाचे चुकते?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, खानापूर):
हिशेब दोघांचाही बरोबर आहे. गवंडी कडेकडेने बांधत जातो, त्यामुळे त्याचे काम परिघाच्या, म्हणजे २πr च्या प्रमाणात वाढते. खोदणाऱ्याला मात्र सगळे वर्तुळ उपसावे लागते आणि क्षेत्रफळ πr² असल्यामुळे १.२ ला १.२ ने गुणून १.४४ पट येते. π ३.१४ धरल्यास ३१४ चौरस फुटांचे ४५२ होतात. सूत्रावर विश्वास बसत नसेल, तर वाढलेला भाग तेवढा डोळ्यांसमोर आणावा: ते दोन फूट रुंदीचे कडे आहे, त्याच्या मधोमध, म्हणजे ११ फूट त्रिज्येवर, लांबी सुमारे ६९ फूट भरते, आणि ६९ गुणिले २ म्हणजे तेच १३८ चौरस फूट. (माझी नातवंडे कन्नड माध्यमात आहेत, ती परिघाला ‘परिधि’ आणि क्षेत्रफळाला ‘विस्तीर्ण’ म्हणतात, त्रिज्या मात्र दोन्हीकडे जवळपास तीच.)

उत्तर (बांधकाम व्यावसायिक, बेळगाव):
गुरुजींचे गणित बिनचूक आहे, परंतु २४ फूट हा व्यास बांधकामाच्या आतला की खोदाईचा, हे आधी विचारून घ्यावे. वरच्या १५ फुटांना दीड फूट जाडीचे बांधकाम असेल आणि आत २४ फूट मोकळे हवे असतील, तर तेवढ्या खोलीपर्यंत त्रिज्या १३.५ फूट खणावी लागते. तसे धरल्यास एकूण खोदाई सुमारे १९९ ब्रास होते. २० फुटी विहिरीला याच हिशेबाने १४१ ब्रास लागले असते.

उत्तर (शेतकरी, चिकोडी):
पाण्याचा साठाही क्षेत्रफळाप्रमाणेच वाढतो: एक फूट खोलीत ८,९०० लिटरऐवजी सुमारे १२,८०० लिटर मावतील. अर्थात झरे तेवढेच राहिले, तर विहीर भरायला वेळही त्याच प्रमाणात जास्त लागेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहिले. गवंड्याने २४ फूट आतून धरले आहेत, कंत्राटदाराने खोदाईचे. म्हणजे बांधकाम झाल्यावर वरच्या भागात विहीर २१ फुटांचीच उरली असती. उद्या दोघांना मळ्यात बोलावून फक्कीने २७ फुटांची आखणी करून घेतो.