घरझडतीच्या वॉरंटमधले 'प्रॉबेबल कॉज': मराठीत काय लिहावे?

प्रश्न : अमेरिकेतल्या एका खटल्याची माहिती मराठीत लिहिते आहे. 'आरोपीने घरझडतीच्या वॉरंटमागच्या प्रॉबेबल कॉजला आव्हान दिले' असे वाक्य आहे. कोशात 'संभाव्य कारण' मिळाले, पण ते वाक्यात बसत नाही.

प्रतिसाद : 'संभाव्य कारण' नकोच. आगीचे संभाव्य कारण शॉर्टसर्किट, असे आपण बातम्यांत वाचतो. तिथे घडून गेलेल्या गोष्टीमागे काय असेल याचा अंदाज असतो. इथे प्रश्न वेगळा आहे. अमुक घरात गुन्ह्याचा पुरावा सापडेल असे मानायला पोलिसांकडे आधार काय? १७९१ साली मंजूर झालेली अमेरिकेची चौथी घटनादुरुस्ती सांगते की असा आधार शपथेवर मांडल्याशिवाय, आणि झडतीची जागा व जप्त करायच्या वस्तू नेमक्या नोंदवल्याशिवाय वॉरंट निघू नये. मी 'सबळ कारण' लिहीन.

प्रतिसाद : 'सबळ' जास्त होतो. 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष' हे कानात इतके बसले आहे की शिक्षेला लागतो तेवढा पुरावा वॉरंटलाही लागतो, असे वाचकाला वाटेल. इलिनॉय विरुद्ध गेट्स (१९८३) या खटल्याची सुरुवात एका निनावी पत्राने झाली. पोलिसांनी त्यातला प्रवासाचा तपशील ताडून पाहिला, तो बराचसा जुळला. सगळी परिस्थिती एकत्र पाहता पुरावा सापडण्याची बऱ्यापैकी शक्यता असली तरी पुरे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. मग 'वाजवी कारण' का नको?

प्रतिसाद : कारण 'वाजवी संशय' ही त्याखालची पायरी आहे. रस्त्यात कुणाला थांबवून चौकशी करायला तेवढा पुरतो, घरात शिरायला नाही. दोन्हीकडे 'वाजवी' आले तर हा फरकच बुजतो, आणि घराचे संरक्षण त्या फरकावरच उभे आहे. मला 'झडतीसाठी पुरेसे कारण' पटते. आपल्या भारतीय दंड संहितेच्या कलम २६ मध्येही एखादी गोष्ट 'मानण्यास कारण असणे' म्हणजे 'पुरेसे कारण असणे', असाच अर्थ दिला होता.

'आव्हान' मात्र उलगडून लिहा, खरी लढाई तिथेच असते. पोलिसाने शपथपत्रात लिहिले, 'खबऱ्याने गेल्या आठवड्यात या घरात माल पाहिला.' प्रत्यक्षात खबऱ्याने सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगितली होती, असे समजा. फ्रँक्स विरुद्ध डेलावेअर (१९७८) या निकालानुसार, हे विधान जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून केले असे आरोपीने दाखवले, तर ते वाक्य खोडून उरलेला मजकूर वाचायचा. त्यात पुरेसे कारण उरत नसेल तर वॉरंट पडते आणि झडतीत मिळालेला पुरावा वगळला जातो. पोलिसाची साधी चूक असेल तर तेवढ्याने वॉरंट पडत नाही.

प्रश्न : मग 'बेकायदा झडती, म्हणून पुरावा अग्राह्य' असे लिहिले तर चालेल?

प्रतिसाद : अमेरिकेपुरते चालेल, तेही अपवाद सोडून. वॉरंट सदोष निघाले तरी पोलिसांनी त्यावर प्रामाणिकपणे विसंबून झडती घेतली असेल, तर पुरावा सहसा टिकतो. हा लिऑन खटल्यातला (१९८४) अपवाद. भारतात नियमच निराळा आहे. झडती बेकायदा ठरली एवढ्यावरून संबद्ध पुरावा बाद होत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात म्हटले आहे. म्हणून 'अमेरिकी कायद्यानुसार' हे दोन शब्द त्या वाक्यात घालाच. नाहीतर इथला कुणी आपल्या घरच्या झडतीला तोच नियम लावून बसेल.