बोअरच्या चिखलाला बेंटोनाइट की आपली काळी माती?

चिकोडीवाला: आमच्याकडे बोअर मारताना वरची माती नि मुरूम ढासळतो आणि केसिंगचे (भिंत धरायच्या पाइपचे) फूट वाढत जातात. तेवढा थर रोटरीने (बिट म्हणजे खोदणारं टोक गोल फिरवून), भोकात चिखल खेळवत मारला तर चिखलाच्या दाबानं भिंत उभी राहते. त्यासाठी कच्छ-बारमेरचं बेंटोनाइट, ती फुगणाऱ्या चिकणमातीची पूड, कशाला? त्यातही मॉंटमोरिलोनाइट हे फुगणारं खनिज, आपल्या काळ्या मातीतही तेच. धुण्याचा सोडा टाका, झालं!

खानापूरकर: खनिज एक म्हणून माल एक होत नाही ओ. आपली माती चुनखडीची, तिच्या कणांना कॅल्शियम चिकटलेलं, ती तेवढी फुगत नाही. वर रेती आणि मुळ्या. चांगल्या सोडियम बेंटोनाइटची 2 ग्रॅम पूड 100 मिली शुद्ध पाण्यात चिमूट चिमूट सोडा, दुसऱ्या दिवशी 24 मिलीच्या वर फुगलेली दिसते. बांधावरची माती घेऊन हेच करा, मग बोलू.

निपाणी_रिग: डीटीएच हॅमर (भोकाच्या तळाशी दगड ठोकून फोडणारा) दाबाच्या हवेवर चालतो, काळ्या दगडात चिखलाचं कामच काय? पाण्याच्या बोअरला बेंटोनाइट म्हणजे फटींवर लेप बसून झरा बुजायचा. पुलाच्या पायलिंगला वापरा, रस्त्याखालून आडवा पाइप ढकलायला वापरा.

चिकोडीवाला: दगड लागेपर्यंतच म्हणतोय मी. केसिंग बसलं की पुढं हवाच.

उगारकडचा: पाणी कसलं ते कुणीच विचारेना. आमच्यासारख्या खारवट पाण्यात बेंटोनाइट थेट ओतलं की गुठळ्या होऊन तळाला बसतं. आधी गोड्या पाण्यात भिजवून मुरवावं लागतं. नाहीतर सेपिओलाइट किंवा अ‍ॅटापुल्गाइट या दुसऱ्या जातीच्या चिकणमात्या घ्या. सुईसारखे कण एकमेकांत अडकतात, फुगण्यावर काही अवलंबून नाही, म्हणून मिठाला दाद देत नाहीत. फक्त चिखलातलं पाणी भोकाच्या भिंतीत पटकन सोडतात, त्याला वेगळी पूड जोडीला लागते.

खानापूरकर: बरोबर. आणि जड पाणी असेल तर धुण्याचा सोडा आधी पाण्याला, बेंटोनाइट नंतर. मार्श फनेलमधून (चिखलाचा दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून) 946 मिली साधं पाणी 26 सेकंदांत उतरतं. मातीच्या घोळाला जेमतेम तेवढेच लागले तर तो नुसता गढूळ. पंप थांबल्यावर बेंटोनाइट दह्यासारखं थिजतं, दगडाचा चुरा वरच्या वर लटकतो. गढूळ पाण्यात तो खाली बसून बिट अडकणार.

चिकोडीवाला: माती निवळून रेती काढली, सोड्यात मुरवली तर? फनेल मिळू दे, आकडे इथंच टाकतो.

निपाणी_रिग: टाका की. पण बिट अडकलं तर रिगचं भाडं कोण भरणार, तेही आधी ठरवा.