भाकीत, अटकळ, आडाखा, कयास : एजीआयबद्दल बोलताना कोणता शब्द?

जुळेसोलापूरकर : आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी एजीआयवर लेख लिहितोय. एजीआय म्हणजे माणूस डोक्यानं करतो ते कुठलंही काम करू शकेल असं यंत्र. ते अजून झालेलं नाही, पण त्यावर चर्चा उदंड. वर्तमानपत्रं सरसकट 'तज्ज्ञांचं भाकीत' असं छापतात. मला ते खटकतं. कुणी तारीख सांगतं, कुणी 'असं झालं तर काय होईल' एवढंच विचारतं, आणि दोघांनाही भाकीतच म्हणायचं? 'अटकळ' लिहावं तर लोकांना वाटतं हवेत गोळीबार चाललाय. काय वापरू?

पाणवेस : सोलापुरात भाकीत म्हटलं की गड्ड्याच्या यात्रेतली भाकणूकच आठवणार. दोन्ही शब्द 'भाकणे'वरूनच आलेत. सिद्धेश्वरांच्या यात्रेत होमप्रदीपन झालं की दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. पुढ्यात धान्य, गूळ, गाजर, पान-सुपारी. ते कशाला तोंड लावतं, मूत्र टाकतं का, गर्दीला बिचकतं का, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. कुणी 'का?' विचारत नाही, विचारायचंही नसतं. श्रद्धेची गोष्ट आहे, तिथं ती शोभते.
भाकिताचा अर्थ माझ्या मते हाच : निकाल सांगायचा, मधली वाट सांगायची नाही. एआयचे एक आद्य संशोधक हर्बर्ट सायमन यांनी 1965 मध्ये लिहिलं की वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करू लागतील. माणूस मोठा, पुढे अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण 1985 आलं आणि गेलं. त्याला खुशाल भाकीत म्हणा.

यंत्रमागवाला : आडाखा म्हणू नका म्हणजे झालं. आम्ही सुताचा आडाखा बांधतो तेव्हा त्याच्यामागं मागच्या हंगामांचे भाव असतात, कापसाची आवक असते, लग्नसराईत टॉवेल-चादर किती उठली ते असतं. एजीआय एकदाबी झालं नाही, मग आडाखा कशावर बांधणार ओ? ठोकताळा तर त्याहून लांब, तो ठोकून बघितल्याशिवाय होत नाही.
आणि शब्द सोडा, एवढी चर्चा हवी कशाला? गिरण्या बंद पडल्या तेव्हा कुणी आधी अटकळ बांधली नव्हती, आणि बांधली असती तरी कामगाराच्या हाती काय पडलं असतं? आज कॉल सेंटरात, डीटीपीत पोरांची कामं जाताहेत त्यावर बोला की.

जुळेसोलापूरकर : आडाख्याचं पटलं, काढून टाकतो. पण 'कशाला' याचं उत्तर तुमच्याच मागावर आहे. आपल्या चादरीची नक्षी जकार्डवर उठते. पुठ्ठ्याची कार्डं एकामागोमाग एक ओवलेली. जिथं भोक, तिथं हूक वर जातो आणि ताण्याचा धागा उचलतो. हा माग 1804 च्या सुमाराचा, फ्रान्समधला. तीच कार्डं वापरून गणित करणारं यंत्र चार्ल्स बॅबेज यांनी कागदावर आखलं. ते त्यांच्या हयातीत पुरं झालंच नाही. तरी एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये त्यावर टिपा लिहिल्या : सुरांचे आपसातले संबंध अशा यंत्राला समजेल अशा रूपात मांडता आले, तर ते संगीतही रचू शकेल. मात्र ते स्वतःहून नवं काही सुरू करणार नाही, आपण सांगू तेवढंच करेल.
यंत्र नाही, वीज नाही, आणि बाई संगीतावर बोलताहेत! पण पुढे 1950 मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राला विचार करता येईल का हे तपासताना त्यातली दुसरी गोष्ट 'लेडी लव्हलेस यांचा आक्षेप' म्हणून घेतली आणि खोडायला बघितली. वाद आजही मिटलेला नाही. नसलेल्या यंत्राबद्दलचं बोलणं शंभर वर्षं टिकलं, कारण ते 'जर-तर'मध्ये होतं आणि खोडता येत होतं. त्यात तारीख नव्हती.

कडक_भाकरी : याला 'कयास' चालेल. मूळ अरबी शब्दात मोजणं, एकावरून दुसरं ताडून बघणं असा अर्थ आहे. ब्रिटिश गणितज्ञ आय. जे. गुड यांनी 1965 मध्येच मांडलं ते असंच : यंत्र घडवणं हे बुद्धीचं काम. मग माणसापेक्षा हुशार यंत्र झालं तर ते आपल्याहून चांगलं यंत्र घडवेल, ते त्याहून चांगलं. सायमन आणि गुड, वर्ष एकच. एकाची मुदत टळली, दुसऱ्यांच्या 'तर'वर अजून भांडणं चालू आहेत.
फक्त कयास आता कोर्टकचेरीतला वाटतो, तरुण पोरं वाचणार नाहीत.

पाणवेस : मग अटकळच घ्या. वाईट नाव तिला मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्यांनी दिलंय, 'अटकळींना उधाण' वगैरे. शब्दाचा काय दोष? क्रियापदं बघा : भाकीत वर्तवतात, अटकळ बांधतात. बांधलेली सोडूनही टाकता येते.

यंत्रमागवाला : अटकळ घ्या, पण ती कशी सोडायची तेही लिहा. एआयचे मोठे संशोधक जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते, नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणं थांबवा, पाच वर्षांत यंत्र सरस होईल. आमच्या घरच्या एमआरआयच्या रिपोर्टवर अजून डॉक्टरचीच सही असते. ऐकून कुणी सीट सोडली असती तर? अटकळ बांधणाऱ्यानं काय दिसलं की माघार घेणार, हे आधीच सांगावं. ते नसेल तर ती माझ्या लेखी भाकणूकच, आणि वासराला निदान मानधन नसतं.

जुळेसोलापूरकर : घेतो. 'तज्ज्ञांनी भाकीत केलं आहे' हे जिथं तारीख आहे तिथंच ठेवतो. बाकी सगळीकडे 'अटकळ', आणि प्रत्येकीसोबत एक ओळ, कशावरून. शीर्षक 'एजीआय : अटकळी आणि कशावरून'.

कडक_भाकरी : 'कशावरून' जपा. जागा कमी पडली की संपादक पहिल्यांदा तेच उडवतील.